शिवलेली बाही

शिंपीणबाईंच्या डाव्या पापणीवर चामखीळ आली, ती नेमकी सुईत दोरा ओवताना आडवी यायची. तिळाएवढी, मऊ, देठावर लोंबकळणारी. इकडे सुई, तिकडे दोरा, आणि मधे ही बया डोलत उभी. शिंपिणीचा डोळाच गेला तर मशीनवर काय कपडे वाळत घालायचे?

सासूबाईंचा हात चामखिळीवर बसलेला होता. गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घेता घेता दिसली, की उकळलेला रेशमी दोरा बांधायच्या आणि ती वाळून गळून पडायची. पण नियम कडक. देठ हवा, अंगाचाच रंग हवा. काळी पडली, वाढली, रक्त आलं, की "दोरा ठेव, डॉक्टर गाठ." आणि डोळ्याजवळ तर त्या बोटसुद्धा लावत नसत.

आता सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. सुनेला वाटलं, कोण बघतंय.

दुपारी दुकानाचं दार लोटून तिने मशीनवर आरसा टेकवला. दोरा बांधला, गाठ मारली. आरशात ती गाठ सुटली. पुन्हा मारली. पुन्हा सुटली, सावकाश, कुणी नखाने उकलावी तशी. मग लसूण ठेचून लावायला गेली, तर कुणीतरी कोपर धरलं. लसूण गालावर सांडला आणि गाल भाजल्यासारखा लाल झाला.

"गालाला फोडणी दिलीस की काय?" नवऱ्याने विचारलं.

"तुमच्या आईने हात धरला."

"मग ऐक ना. मीही जन्मभर ऐकलंच की."

"बाई गेली, पण सासुरवास राहिला म्हणायचा."

"डॉक्टरकडे जा."

"जाते उद्या."

उद्या कसली जातेय. नवऱ्याची पाठ वळताच तिने काजं कापायची बारकी कात्री उचलली. एकदाच कट, की सुटले. एवढ्यात पायाखालची पट्टी आपोआप हलली आणि मशीन खडखडलं. हात वर उचलेना. खाली बघते तर तिच्या उजव्या बाहीला गिऱ्हाइकाचा कोट शिवलेला. असा बारीक, घट्ट टाका तिला कधी जमलाच नव्हता. त्यावर कात्रीही चालेना.

"आई, सोडा. उद्या जाते."

टाका आवळला. हे 'उद्या' दोघींनी मिळून गिऱ्हाइकांना किती वर्षं वाटलं होतं. ते सासूबाईंना कसं खपणार?

"बरं, संध्याकाळी."

दोरा कातडीत रुतला.

"आत्ता जाते, आई. ह्या पावली."

मशीन थांबलं. टाका मात्र सुटला नाही. सून होती ती, वाटेतून वळली असती.

तशीच निघाली, कोट फरफटत. कोपऱ्यावरचा चांभार म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक कोटातच आहे वाटतं?" तिला हसू आलं नाही. कोटाची रिकामी बाही तिचं मनगट धरून चालली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी लसणाचं, कात्रीचं सगळं ऐकून घेतलं आणि पापणी नीट पाहिली. "इथे घरी काहीही करायचं नसतं. दोरा नाही, लसूण नाही, व्हिनेगर नाही. कात्री लावली असतीत तर पापणी फाटली असती, डोळ्यावर बेतलं असतं. आपण बधिर करून काढू आणि तुकडा तपासायला पाठवू."

"आणि मानेवर असली तर दोरा चालतो का?"

"तीही आधी दाखवावी. चामखीळच आहे की दुसरं काही, ते घरी कळत नाही. आणि दोऱ्याने पू धरतो."

"हे आमच्या सासूबाईंना सांगायला हवं."

"मग आणा त्यांना एकदा."

"ऐकतायत त्या," शिंपीणबाई हळूच म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकल्या.

तेव्हा कोट गळून जमिनीवर पडला. डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा मिटायला सांगितला. उजवा शिंपीणबाईंनी उघडाच ठेवला. बाहीतून सुटलेला दोरा टेबलावर चढत होता आणि कापसाच्या डबीभोवती स्वतःला गुंडाळून घेत होता, एकही वेढा सैल न सोडता. सासूबाईंना वाया गेलेला दोरा कधी बघवला नाही.