ताप उतरल्यावर

ताप उतरला तसे मलप्पांना मोंढ्याचे, धान्याच्या बाजाराचे, वेध लागले. अहमदपुरात त्यांची अडत, त्यात सोयाबीनची आवक ऐन भरात, आणि आपण नसलो तर सौदे होतात तरी कसे, असं त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटायचं. डेंग्यू झाला म्हणून लातूरच्या दवाखान्यात भरती केलं, तर तिथल्या वॉर्डाचाही त्यांनी मोंढा करून टाकला. कुणाच्या प्लेटलेट चढल्या, कुणाच्या पडल्या, हे ते भाव विचारावा तसं खाटेखाटेवर विचारून घेत. आज त्यांच्या स्वतःच्या टिकून होत्या. मग थांबायचं कशाला? त्यांनी पुतण्याला गाडी घेऊन बोलावलंसुद्धा.

मुलगी अंजू पिशवी भरत होती, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. पहाटेपासून अप्पांचं पोट दुखत होतं. उलट्याही झाल्या, त्या तिनेच निस्तरल्या. डॉक्टरला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं अप्पांनी बजावलं होतं, आणि अप्पांचा शब्द त्या घरात कुणी मोडत नसे. त्यांच्या पायात चपला घालताना तिचा हात पावलाला लागला. पाऊल गार पडलं होतं, घामेजलं होतं.

तेवढ्यात डॉ. सालेहा फेरीला आल्या. अप्पांनी आपण ठणठणीत असल्याचं सांगितलं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळणार, तोच अंजूच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, अप्पा लपवून राहिले. पहाटेपासून पोट दुखून राहिलंय. उलट्या बी झाल्यात."

अप्पांनी डोळे वटारले. डॉक्टरांनी मात्र नाडी धरली, रक्तदाब पाहिला, रक्त तपासायला पाठवलं. ते घट्ट झालेलं निघालं. अप्पांना थेट आयसीयूत हलवलं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी अंजूला समजावून सांगितलं. रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशी काही प्रथिनांच्या जोरावर एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून रक्तातलं पाणी आत राहतं. डेंग्यूत ही पकड सैल होते, आणि तीही नेमकी ताप उतरताना.

"पोतं फाटलेलं नाही, शिवण उसवलीय," त्या म्हणाल्या. "पाणी झिरपून पोटात, छातीत साठतंय. सलाईन कमी पडलं तर रक्तदाब कोसळेल, जास्त झालं तर फुप्फुसात पाणी भरेल."

"मग शिवण कशी घालायची, मॅडम?"

"ती आपली आपणच जुळते. तोवर त्यांना सांभाळायचं, बस."

अंजू बाकावर बसून राहिली. पहाटेच का बोलले नाही, या विचाराने तिचं मन तिला खाऊ लागलं. पुतण्या गाडी घेऊन आला आणि तसाच तिच्या शेजारी बसला. आयसीयूचं दार उघडलं की ती उठून पुढे जायची. रात्र कशी सरली ते तिला कळलं नाही. दुसरा दिवसही तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी तिला आत सोडलं. अप्पांचे पाय आता उबदार होते. लघवी मोकळी होऊ लागली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"सौदा बुडवलास माझा," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "बापाची चहाडी करतीस?"

बोलताना आवाज चांगला चढला होता. तो ऐकून अंजूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"हाव," ती म्हणाली. "अजून करीन. तुम्ही रागवा, अप्पा. लई रागवा."