घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर एकच

"भिंतीकडे बघ," योगराज नाना म्हणाले, आणि सुनेची मान पुरती वळल्याशिवाय त्यांनी कीबोर्डवर बोटे टेकवली नाहीत.

मोनालीने टेबलाशेजारच्या भिंतीकडे तोंड केले. तिथे नानांचे धुळ्याच्या तंत्रनिकेतनातले पदविका प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत टांगलेले होते. खिडकीचा उजेड काचेवर चमकून अक्षरे पुसट होऊ नयेत म्हणून चौकटीच्या वरच्या कडेमागे लाकडाची पाचर घालून नानांनी ती पुढे कलती केली होती, कोन मोजून. लग्न होऊन जळगावात आल्यापासून संगणकावर काही नवे बसवायचे झाले की नाना पासवर्ड टाकेपर्यंत मोनाली याच जागी उभी राहत आली होती.

"झालं. वळ."

पण झाले नव्हते. ठिबक सिंचनाचे आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसली खरी. मात्र ती फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात उघडत होती, आणि ते खाते नानांचे होते. मोनालीचे खाते साधे. एरंडोलजवळच्या एका लिंबाच्या बागेचा आराखडा आज संध्याकाळपर्यंत ठिबकच्या विक्रेत्याकडे पोचायचा होता. आजवर तिने काढलेल्या आराखड्यांवर विक्रेत्याच्या इंजिनिअरचे नाव जात असे. या वेळी प्रथमच तिचे जाणार होते. तसे विक्रेत्याने स्वतः सांगितले होते.

"माझ्या खात्याला अधिकार द्या ना," ती म्हणाली. "मग तिथंच उघडेल."

"घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर एकच असतो. दोन झाले की कोणी काय बदललं याचा पत्ता लागत नाही. तुझ्या सेटिंग्ज मी माझ्या खात्यात हलवतो. तिथं बसून काम कर."

"म्हणजे माझा संसार तुमच्या कपाटात."

"कपाट माझं आहे. कुलूपही."

उंबऱ्याशी तुरीची डाळ निवडत बसलेल्या तिच्या सासूबाईंनी, प्रमिलाबाईंनी, सुपावरून मान वर केली.

"आते त्या डबासाठे बी भांडा. बठ्ठं घर पुरनं नही का तुमले?"

भांडायला अख्खे घर पुरले नाही का, या त्यांच्या अहिराणी टोल्यावर दोघांपैकी कोणीही तिकडे पाहिले नाही.

नाना कामाला लागले. आधी प्रत, मग बदल, हा त्यांचा नियम. म्हणून मोनालीच्या सगळ्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून त्यांनी ती बाजूला ठेवली. मग नळ्यांची चिन्हे हलवली, पिकांची लागवडीची अंतरे हलवली, रंग हलवले. प्रत्येक गोष्ट नव्या जागी उघडून पाहिल्याशिवाय ते पुढच्या गोष्टीला हात लावत नव्हते. मोनाली खुर्चीची पाठ धरून उभी होती. तिने वर्षानुवर्षे जमवलेले सारे एकेक करून दुसऱ्या नावाच्या फोल्डरमध्ये जात होते.

शेवटी नानांनी लिंबाच्या बागेचा आराखडा उघडला. झाडांच्या रांगा जागेवर आल्या. निळी मुख्य नळी, हिरव्या उपनळ्या, व्हॉल्व्ह, गाळणी. काहीही सुटले नव्हते. उजव्या कोपऱ्यातल्या नावाच्या चौकटीत मात्र लिहून आले होते : रेखाटन – योगराज.

"हे काय?"

"सॉफ्टवेअर खात्याचं नाव उचलतं."

"पुसा."

नानांनी ते पुसून तिचे नाव टाइप केले, फाइल जतन केली आणि पुन्हा उघडली. योगराज. त्यांनी तेच पुन्हा करून पाहिले. पुन्हा योगराज. त्यानंतर त्यांची नजर त्या चौकटीवर जरुरीपेक्षा थोडी जास्त वेळ थांबली, आणि ते मोनालीला दिसले.

"नाव कुणाचंही असो," ते म्हणाले. "नावाने काही ठिबकातून पाणी येत नाही."

"बरोबर आहे. मग राहू द्या तुमचंच." तिचा आवाज एकदम थंड झाला होता. "शेवटच्या झाडाला पाणी पोचलं नाही, तर तो शेतकरी योगराज नानांचं दार विचारत येईल. मी त्याला चहा करून देईन."

प्रमिलाबाईंनी सूप बाजूला ठेवले.

नानांनी खिशातली पेन्सिल काढली, एक कोरा कागद ओढला आणि नळीचा व्यास, लांबी, दाब असे आकडे मांडायला सुरुवात केली. बराच वेळ पेन्सिलीचीच कुरकुर ऐकू येत होती. जसजशी चूक सापडत नव्हती, तसतशी पेन्सिल अधिक जोरात चालत होती.

"इथला व्हॉल्व्ह वेगळा का?"

"नाल्याच्या बाजूला जमीन दबली आहे."

"मोजणीत तसं दिसत नाही."

"मोजणी जुनी आहे. मी लेव्हलचं यंत्र लावून नवे आकडे घेतले."

"आणि ते बरोबर कशावरून?"

"जाऊन बघा. एरंडोल काही विलायतेत नाही."

पेन्सिल कागदावरच थांबली. पाइपच्या कारखान्यातल्या रेखाटन विभागात नानांची सारी नोकरी गेली होती. न पाहिलेल्या जमिनीच्या आराखड्याखाली आपले नाव घालायचे नाही, यावरून त्यांनी साहेबांशी वैर घेतले होते, बढतीही गमावली होती. ही गोष्ट त्यांनी घरात इतक्या वेळा सांगितली होती की मोनालीला ती पाठ होती.  ती त्यांच्या पेन्सिलीकडे बघत उभी होती.

"प्रमिला," नाना पडद्याकडे पाहत म्हणाले, "तिला सांग–"

"मी काय टपालवाली शे? ती समोरच उभी शे."

नानांनी आराखडा बंद केला. सेटिंग्ज उघडून त्यांनी मोनालीच्या खात्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार दिला. मग हात न थांबवता स्वतःच्या खात्यावर गेले आणि तिथला अधिकार काढून टाकला.

"तुमचा कशाला काढला?"

"एकच असतो, म्हणालो ना." ते खुर्चीतून उठले. "पासवर्ड तुझा तू टाक."

ते चपला घालून अंगणात निघून गेले.

मोनालीने पेनड्राइव्हवरची प्रत आपल्या खात्यात परत लावली. संध्याकाळच्या आत आराखडा गेला. कोपऱ्यात लिहिले होते : रेखाटन – मोनाली. रात्री नानांच्या ताटात भाजी वाढताना तिच्या हातून वाटी नेहमीपेक्षा जरा जोरात टेकली.

पुढचे काही दिवस दोघे कामापुरतेही बोलले नाहीत. मग नवा प्रिंटर आला. नानांनी सूचनापत्र पहिल्या ओळीपासून वाचले, वायरी जोडल्या, आणि पडद्यावर चौकट उमटली : अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाका. ते त्या चौकटीसमोर बसून राहिले.

"प्रमिला, तिला जरा–"

"तुम्हीच हाक मारा," प्रमिलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "नाव शे तिले."

नानांनी घसा साफ केला. तिच्या लग्नापासून ते 'सूनबाई'च्या पलीकडे गेले नव्हते.

"मोनाली."

ती ओढणीला हात पुसत आली. नाना खुर्चीतून उठून बाजूला झाले. ती बसली, पण तिने कीबोर्डला हात लावला नाही.

"भिंतीकडे बघा, नाना."

 नाना वळले.

समोर त्यांचे प्रमाणपत्र होते. ते त्यांनी दारातून पाहिले होते, खुर्चीतून पाहिले होते. या जागी उभे राहून कधी पाहिले नव्हते. इथून त्यावरची अक्षरे दिसतच नव्हती. कलत्या काचेत टेबल दिसत होते, टेबलावरचा कीबोर्ड दिसत होता, आणि त्यावर मोनालीची बोटे. ती सावकाश, एकेक कळ दाबत होती. अक्षरे उलटी होती, तरी सहज लागत होती. मोनाली इथे उभी राही, तेव्हा याच काचेत नानांची बोटे असत.

काच लख्ख होती. इतकी वर्षे ती कोण पुसत आले, हे नानांनी कधी विचारले नव्हते.

त्यांनी डोळे मिटले. मागे कळा वाजत राहिल्या.

"झालं," मोनाली म्हणाली. "वळा."

नाना लगेच वळले नाहीत.