अडनिड मापाची गादी

पिंजण्याच्या मशीनखाली, फरशीच्या कोपऱ्यात, कापसाचा एक गोळा तयार झाला होता. सुपारीएवढा. काल झाडताना सुलतानाने तो पाहिला तेव्हा वाटाण्याएवढा होता, आणि ती मुद्दाम त्याला वगळून झाडू फिरवून गेली होती. मशीन सुरू झालं की तंतू उडत, खाली बसत, पट्ट्याच्या वाऱ्याने जमिनीवरून सरकत. सुटा तंतू दुसऱ्या सुट्या तंतूला क्वचितच भेटे. पण गोळ्यापाशी आलेला परत जात नसे. गोळा जितका मोठा, तितके जास्त तंतू त्याला अडकत आणि तितका तो आणखी मोठा होई. हे गुरुत्वाकर्षण नव्हे, हे तिला ठाऊक होतं. हा नुसता गुंता, आणि थोडी घर्षणाची वीज. तरी तारा कसा जन्मतो हे आठवीच्या वर्गाला सांगायला याहून चांगली वस्तू तिला मिळाली नव्हती. तिने गोळा चिमटीत धरून उजेडात नेला आणि उकलला. वरून पांढरा, आतून काळपट. खदानीची धूळ आधी बसली होती. कापूस तिच्याभोवती जमला होता.

"अब्बा, मशीन बंद करा जरा!"

नूर मोहम्मदांनी मान वर केली. "अं?"

"मशीन!"

"चालू तं हाय मशीन. काऊन?"

सुलतानाने स्वतःच बटण दाबलं. अर्धा जन्म कापूस पिंजण्यात आणि उरलेला खदानीच्या सुरुंगांच्या आवाजात गेल्यावर सासऱ्यांच्या कानांत फारसं काही उरलं नव्हतं. गावात गंमत करत की नूरभाऊले गुपित सांगाचं असन तं आधी साऱ्या गावाले चहा पाजा, कारन ऐकनार तं सारेच हायेत.

त्यांच्या मांडीवर एक खोळ होती. नवी, मांजरपाटाची. शेजारी पिंजलेल्या कापसाचा ढीग. जुन्या गाद्यांतला पिवळट कापूस नव्हे, नवा, पांढराशुभ्र.

"ही गादी कोनाची?" तिने कानाजवळ वाकून विचारलं.

"ऑर्डर हाय."

"गावात गादी घेनारं कोन राह्यलं अब्बा?"

ते सुईत दोरा ओवू लागले. दोरा ओवताना त्यांना अजिबातच ऐकू येत नसे.

गादीचं माप अडनिड होतं. पाळण्याला मोठी, माणसाला लहान. सुलताना ते बघत उभी राहिली आणि मग तिला ते समजलं. माणसाच्या शरीरातलं सगळ्यात लांब हाड मांडीचं. ते आडवं ठेवता येईल, एवढीच ती रुंद होती.

तिने बटण पुन्हा दाबलं आणि शाळेत जायला निघाली.

राजुऱ्याकडचं हे गाव कोळशाच्या खदानीत जाणार हे ठरून बरीच वर्षं झाली होती. बहुतेक माणसं नव्या वस्तीत गेली. देऊळ गेलं, मशीद गेली, पाण्याची टाकी तेवढी राहिली. आता कब्रस्तानाची पाळी होती. ज्यांना आपली माणसं हलवायची होती त्यांनी हलवली. मौलाना म्हणाले होते, मजबुरी असेल तर हलवता येईल. नाही हलवलं तरी गुन्हा नाही. म्हणजे ज्याचं त्याने ठरवायचं. सुलतानाच्या घरात ठरवणारी दोनच माणसं होती. सासू तिच्या लग्नाआधीच गेलेली, तिची कबर तिच्या माहेरी, बल्लारशाला. इथे होता फक्त फैज, तिचा नवरा. राजुऱ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलसकट ट्रकखाली आला तेव्हा लग्नाची मेंदी जुनी झाली होती, पण फार जुनी नव्हे.

नूर मोहम्मद म्हणत, बायको हाय, थे सांगन. सुलताना म्हणे, बाप आहेत, ते ठरवतील. पण हे दोघांनी एकमेकांना कधी म्हटलं नव्हतं. जेवताना कितीदा तरी शब्द तिच्या ओठांवर आले होते. हळू बोललं तर त्यांना ऐकू जाणार नाही. आणि 'तुमच्या पोराला उकरायचं का' हे ओरडून विचारण्यासारखं नव्हतं. ती भाकरी वाढे. ते पाणी मागत. दिवस जात.

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला शेवटचा धडा ताऱ्यांवर आहे. या शाळेतला तो शेवटचा धडा ठरणार होता. परीक्षा झाली की शाळेला कुलूप. वर्गात दोन बाकांवर मावतील एवढीच मुलं उरली होती. काल तिने कृष्णविवराचं चित्र काढून आणायला सांगितलं होतं. चंदाने वही पुढे केली. चित्रात पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाणारा मोठा खड्डा, तळाशी काळं रंगवलेलं, पायऱ्यांवर डम्पर आणि बाजूला मातीचा डोंगर.

"हे काय गं?"

"कृष्णविवर, मॅडम. जो जवळ जाते थो आत जाते, वापस येत नाई. आमचं वावर गेलं, मामाचं घर गेलं."

"हिची बकरी बी गेली!" मागून डोमा ओरडला.

"तुह्या बापाचा दारूचा अड्डा गेला, थे सांग न!"

वर्ग हसला. सुलतानाही हसली, मग खडू घेऊन फळ्याकडे वळली.

"विवर शब्दाने घोळ होतो. तो खड्डा नाही. खड्ड्याच्या अगदी उलट आहे. मोठ्या ताऱ्यातलं इंधन संपलं की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाखाली ढासळतो. इतका दाटतो की उजेडसुद्धा बाहेर पडू शकत नाही. आणि ते कोणाला बोलावत नाही, शोषूनही घेत नाही. आपला सूर्य उद्या तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर झाला, तरी पृथ्वी त्यात पडणार नाही. आहे त्याच वाटेने फिरत राहील. फक्त अंधार होईल."

"मंग फिरन काऊन?" चंदाने विचारलं. "ज्याच्या भवती फिराचं थे दिसतच नाई तं?"

"ओढ तेवढीच राहते."

"पन दिसत नाई तं हाय म्हनून कसं समजाचं?"

"आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी काही तारे एका रिकाम्या जागेभोवती फिरताना दिसतात. वर्षानुवर्षं. तिथे काहीच नसतं, तर ते केव्हाच सरळ निघून गेले असते. जे गेले नाहीत, त्यांच्यावरून समजतं."

तेवढ्यात खदानीचा भोंगा झाला. मुलं सवयीने उठली आणि खिडक्यांपाशी जाऊन काचांवर तळवे टेकवून उभी राहिली. या शाळेत पहिलीपासून हे शिकावं लागतं. काच धरली नाही तर फुटते. मागची खिडकी सुलतानाची. तिच्यातून कब्रस्तान दिसे. बायका आत जात नसत, तीही कधी गेली नव्हती. पण पळसाखालचा तो उंचवटा ती इतकी वर्षं रोज, याच वेळी, काचेवर हात ठेवून बघत आली होती. सासर सोडून माहेरी चंद्रपूरला चल म्हणणारा भाऊ, जिल्ह्याच्या ठिकाणची शाळा, आणखी एक स्थळ, सगळं येऊन गेलं. ती इथेच राहिली. सुरुंग उडाला. काच तळव्याखाली थरथरली. पळसाची दोन-चार फुलं गळाली.

शाळेच्या फाटकाशी प्रवीण उभा होता. फैजचा वर्गमित्र, याच गावचा, आता खदानीसाठी जमिनी ताब्यात घ्यायच्या कामावर.

"भाभी, आज तं सांगाच लागन. उद्या सकाळी पोकलेन तिकूनच खोदत येते. साऱ्याइचं झालं, तुमचं एकच राह्यलं."

"अब्बांना विचारा ना."

"त्याइले विचारलं तं म्हनते, सूनबाईले विचार. तुमाले विचारलं तं म्हनता, अब्बाले विचारा. माहा फुटबॉल झाला न भाभी तुमच्या दोघांत." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "थे गादी शिवून राह्यले. पाह्यली म्या. काढाचंच समजू काय?"

रस्त्यावरून माती भरलेला डम्पर गेला, त्याची धूळ बसेपर्यंत सुलताना थांबली.

"त्यांना घेऊन या. मीही येते."

"तुमी? आत?"

"आत."

ऊन उतरत होतं. कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडे पिवळं पोकलेन घरघरत उभं होतं. आत ठिकठिकाणी उकरलेले खड्डे. ज्यांची माणसं नेली त्यांचे. फावडं घेऊन कोलू बसला होता. गावातली प्रत्येक कबर त्यानेच खोदलेली, आता उकरलीही त्यानेच. नूर मोहम्मद आले. धुतलेल्या चादरीत गुंडाळलेली गादी त्यांनी खांद्यावर घेतली होती, एखादं झोपलेलं मूल घ्यावं तशी.

सुलताना सरळ पळसाकडे चालत गेली. उंचवट्यापाशी थांबली. जवळून तो खिडकीतून दिसे त्याहून लहान होता. तिने मागे वळून पाहिलं तर सासरे दुसरीकडेच चालले होते, भिंतीच्या कडेने.

"अब्बा, इकडं."

त्यांना ऐकू गेलं नाही. प्रवीणने कोपराला हात लावला तेव्हा ते थांबले.

"तिकडं काऊन?" ते म्हणाले. "थे तं इस्माईल भिश्त्याची हाय. लई जुनी."

सुलतानाने पायाखाली पाहिलं. पळसाची फुलं पडली होती, त्यांवर बारीक काळी धूळ. तिने वाकून एक उचललं, पुन्हा ठेवलं, आणि भिंतीकडे चालू लागली. एवढंच तिच्या मनात आलं, की निरीक्षण बरोबर होतं. जागा चुकली होती.

भिंतीशी दोन उंचवटे शेजारी शेजारी होते. नूर मोहम्मद पहिल्यापाशी उभे राहिले. मग दुसऱ्याकडे बघत राहिले. डोळ्यांवर हाताची सावली केली.

"कोलू, हेच न?"

कोलू उठला नाही.

"सांग न बे. हेच न माह्या फैजची?"

कोलूने सुलतानाकडे पाहिलं आणि खाली मान घालून, तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला. "बाई, पुराच्या साली भिंतीकडचं सारं सपाट झालं होतं. वर्धेचं पानी भिंतीवरून गेलं. पानी उतरल्यावर नूरभाऊ म्हने इथी, म्या म्हनलं तिथी. थे बाप हायेत. म्हनून त्याइनं दाखवली तिथी बी म्या माती लोटली. कोनाची कोनती, थे मले बी सांगता येत नाई."

"काय म्हन्ला?" नूर मोहम्मदांनी विचारलं. "काय म्हन्ला थो?"

कोणी पुन्हा सांगितलं नाही.

"दोन्ही काढू काय भाभी?" प्रवीण पुटपुटला. "पाहू मंग. कपड्याचं, कशाचं काई..."

सुलतानाने सासऱ्यांच्या खांद्यावरच्या गादीकडे पाहिलं. चादरीबाहेर आलेल्या कडेचे टाके बारीक होते, सरळ होते. या अधू डोळ्यांनी त्यांनी ते कसे घातले असतील कोण जाणे. त्या पांढऱ्या कापसावर कोणाला तरी निजवलं जाईल. नव्या वस्तीत नेऊन पुरलं जाईल, आणि हे तिथे जाऊन बसतील, आणि त्यांना कधीच कळणार नाही. तिला मात्र रोज कळेल. आणि नाही काढलं, तर उद्या हे पोकलेन माती उचलेल, डम्पर ती त्या मातीच्या डोंगरावर नेऊन ओतेल. नव्या वस्तीतल्या प्रत्येक दारातून तो डोंगर दिसतो. त्यात कुठेतरी. नेमकं कुठे, हे कोणीच सांगू शकणार नाही. नेमकं कुठे, हे तर आजही कोणी सांगू शकत नव्हतं. तिसरी वाट नव्हती. ती मनातल्या मनात शोधून आली, दोनदा.

कोलूने फावडं हातात घेतलं.

"राहू द्या," सुलताना म्हणाली.

कोलू थांबला. प्रवीणने तिच्याकडे पाहिलं. नूर मोहम्मद उंचवट्याकडेच बघत होते.

"अब्बा, राहू द्या."

तिचे ओठ हलले हे त्यांना दिसलं. त्यांनी गादी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि मोकळा झालेला हात कानामागे धरला. "अं? काय म्हन्ली बेटा?"

प्रवीणने भिंतीपलीकडे हात केला. पोकलेनवाल्याने इंजिन बंद केलं. एकाएकी इतकं शांत झालं, की पळसावरच्या साळुंक्या ऐकू येऊ लागल्या. खदानीच्या बाजूला पाण्याचे कॅन घेऊन चाललेली माणसं थांबून इकडे बघू लागली. सुलताना सासऱ्यांच्या जवळ गेली, एवढी जवळ की त्यांच्या कुडत्याला चिकटलेले कापसाचे तंतू तिला दिसले. तिने श्वास घेतला आणि सगळ्या रिकाम्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"नाई काढाचं अब्बा! फैजले इथंच राहू द्या!"