कळंबाखालचा लिबेरो

खेळाचा नियम: लिबेरोची बनियन बाकीच्या संघाहून वेगळ्या रंगाची असावी.

करमसिंग पावरा तसाही वेगळाच दिसायचा. धुळ्याच्या कॉलेजातल्या व्हॉलीबॉल संघात सगळे ताडमाड, आणि त्यांच्यात हा सातपुड्याच्या पायथ्याचा बुटका, काटक पोरगा, एकट्याच्या अंगात पिवळी बनियन. लिबेरो म्हणजे मागच्या रांगेतला राखणदार. त्यानं उडी मारून बॉल हाणायचा नाही, जाळीपाशी जाऊन अडवायचा नाही. समोरून धोंड्यासारखा येणारा बॉल भुईला टेकू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. मनगटं जोडायची, कोपरं ताठ, बॉलच्या खाली घुसायचं आणि तो अलगद उचलून आपल्या माणसाकडं द्यायचा. धरायचा नाही. धरला की फाउल.

हाणणाऱ्याचं नाव पेपरात यायचं. लिबेरोचं गुडघ्याचं कातडं जायचं.

मग विद्यापीठाच्या संघनिवडीत गुडघाच गेला. धुळ्यात ऑपरेशन झालं. त्याच दिवशी वर पाड्यावर त्याच्या आईनं, दिवालीबाईनं, नवस बोलला: पोराचा पाय बरा होऊ दे, इंदल घालीन, अंगणात कळंबाची फांदी रोवून देवाला पुजीन.

पाय बरा झाला. चालण्यापुरता, ओझं उचलण्यापुरता. खेळण्यापुरता नाही.

*

मंडळाचा नियम: माळकऱ्यानं दारू-मटणाला शिवू नये. जिथं जीव कापला जातो, त्या मांडवात जाऊ नये.

हा नियम करमसिंगला कसा लागू झाला, ते आधी ऐकावं.

खेळ सुटला की हातांना काय करावं ते कळत नाही. करमसिंगच्या हातांना बाटली सापडली. सावद्याला केळीच्या वखारीत तो गाड्या भरायचा आणि संध्याकाळी वखारीच्या भिंतीला टेकून रिकामा व्हायचा. तिथले जुने मुकादम झुलालनाना शेजारच्या खोलीत भजनी मंडळ चालवायचे. एकदा ते बाहेर आले, भिंतीपाशी बसलेल्या करमसिंगकडं बघत म्हणाले, "काय रे खेळाडू, नुसता लोळतोस. हात चांगले दिसतात तुझे. टाळ धरून बघ."

त्यानं टाळ धरला. पुढं माळ घातली. कॉलेजात जो जीव मैदानात ओतला होता, तो सगळा इकडं वळला. पहाटेची आंघोळ चुकली नाही, भजन चुकलं नाही. मंडळातल्याच एकाची मुलगी ममता, तिनं त्याच्याशी लग्न केलं ते तोंडावर सांगूनच: "माळ बघून येतेय मी. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा पितो. त्या घरात मी जेवायला गेले तरी ताट हातात धरून बसते, कधी उडेल सांगता येत नाही."

घर उभं राहिलं. ज्योत्स्ना झाली, मोठी झाली, आता फैजपूरला अकरावीला जाते. करमसिंग मुकादम झाला. वर पाड्यावरचा नवस मात्र राहिला तो राहिलाच. इंदल म्हणजे बोकड आला, मोहाची दारू आली. दरवर्षी करमसिंग म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. दिवालीबाई मागच्या होळीनंतर गेली. तिनं जाताना काही मागितलं नाही, हेच त्याला जास्त लागलं.

*

इंदलाचा नियम: कळंबाची फांदी तोडली की वरच्यावर झेलावी. भुईला लागली तर नवस फिटत नाही.

पुनाआबा, करमसिंगचा बाप, एसटीनं सावद्याला आला. अंगणात बसला, चहा बशीत ओतून प्याला, आणि मिशी पुसून सरळ मुद्द्यावर आला.

"करम्या, तुझी आई गेली. नवस राहिला."

"माहीत आहे, आबा."

"औंदा इंदल घालायचा."

"घाला. नारळ, तांदूळ, गूळ, सगळं मी पाठवतो."

"पाठवतो म्हणे. पोस्टानं पाठवशील का?"

"धाकटा लखन आहे ना तिथं. तो झेलेल फांदी."

"लखनचा पाय मोडला होता का? ज्याच्यासाठी नवस, त्यानंच झेलायची."

"आबा, तिथं बोकड कापतात."

"मग काय भेंडी कापायची?"

आत चुलीपाशी ममताला हसू फुटलं. ती खोकल्यासारखं करून गप्प झाली.

म्हातारा हसला नाही. बशी उपडी ठेवत म्हणाला, "तुझा देव चांगला आहे. त्यानं तुझी दारू सोडवली, मी रोज त्याचं नाव घेतो. पण बोली तुझ्या आईनं केली होती, आणि ती इंदलाशी. ती तिकडं शब्द घेऊन बसलीय. मी गेलो की मला विचारेल, फेडलास का. तुझ्या नानाला विचार, मी काय सांगू तिला?"

*

करमसिंगनं खरंच विचारलं.

झुलालनाना टाळांना चिंचेनं घासत होते. हात न थांबवता म्हणाले, "आईचा शब्द मोठा. पण तू फांदी धरलीस म्हणजे त्या पूजेत हात घातलास. धरायची असेल तर धर. माळ काढून ठेव आणि धर."

"आणि परत आल्यावर?"

"माळ म्हणजे पायातली चप्पल आहे का? दारात काढली, येताना घातली?"

सोनगीरला हायवेवर अभिमनचं हॉटेल आहे. कॉलेजच्या संघात करमसिंग बॉल उचलायचा आणि हा अभिमन पुढं चढवून द्यायचा. करमसिंगनं त्याला फोन लावला. मागं कढईचा आवाज, ट्रकचे हॉर्न, आणि त्यातून अभिमन अहिराणीत ओरडत होता: "करम्या, तू जिंदगीभर बॉल भुईवर पडू दिधा नही, आते मायनी फांदी पडू देशी? जाय मुकाट्यानं! बठ्ठा देव एकच शे!"

"अभ्या, तुला सोपं आहे. तू कुठलाच पाळत नाहीस."

"म्हनीसन तर बठ्ठा मना हॉटेलमा येतस," अभिमन म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडं वळला.

*

गेलो तर माळ जाते, आणि माळ गेली की ममता माझ्या हाताकडं बघायला लागेल, ताट धरून बसेल, आणि नाही गेलो तर आबा एकटाच कळंबाखाली उभा राहून वर बघेल, लखन बघेल, अख्खा पाडा बघेल की मोठा पोरगा आला नाही, ज्याच्या पायासाठी हे सगळं तो पाय सावद्यात टाळ वाजवत बसलाय, आणि आई

*

"पाय बरा कुणी केला?" ममतानं भाकरी थापता थापता विचारलं.

"म्हणजे?"

"डॉक्टर म्हणतो मी केला. आबा म्हणतात इंदलानं. नाना म्हणतील पांडुरंगानं. पायाला कुणी विचारलंय का?"

"चेष्टा नको गं."

"चेष्टा नाही करत. मला भीती वाटते." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुम्ही फांदी झेलाल याची नाही. लोक आग्रह करतील, भाऊ हातात पेला देईल, आईची आठवण निघेल. त्याची वाटते."

करमसिंगला शपथ घ्यावीशी वाटली, पण पूर्वी बाटली हातात असतानाही त्यानं पुष्कळ शपथा घेतल्या होत्या.

सकाळी निघताना तिनं भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. "मी येत नाही. तिथलं पाणी प्या. तेवढं चालतं."

*

माळ त्यानं काढली नाही. सदऱ्याच्या आत सारली.

कळंब पाड्याच्या वर, नाल्याच्या काठाला होता. दुपारची उन्हं. ढोल वाजत होते, बाया झाडाला वेढा घालून गात होत्या. पुजाऱ्यानं झाडाला दाणे वाहिले, माफी मागितली, आणि लखन कुऱ्हाड घेऊन वर चढला. खाली करमसिंग उभा राहिला. त्याच्या मागं, हात लांबवला तर लागेल इतक्यावर, पुनाआबा. बापाला राहवत नव्हतं.

"नीट धर बरं. दोन्ही हातांनी."

"हो आबा."

"छातीशी धर. पोराला धरतो तसं."

"आबा, मागं सरका जरा."

"मी मागंच आहे. तू वर बघ."

वर घाव पडत होते. गुडघा आपोआप वाकला, टाचा उचलल्या गेल्या. कित्येक वर्षांत असं कधी उभं राहणं झालं नव्हतं. ढोल ऐकू येईनासे झाले. पानांतून ऊन डोळ्यात येत होतं, त्यानं डोळा मिटला नाही. फांदी करकरली, वाकली, सुटली.

आणि करमसिंगचे हात उघडलेच नाहीत.

मनगटं जुळली. कोपरं ताठ झाली. तो फांदीखाली घुसला आणि कॉलेजात हजारदा केलं तेच केलं. पानांनी भरलेली फांदी त्याच्या हातांवर आपटली, तिथून उसळली आणि डोक्यावरून मागं गेली. सरळ पुनाआबाच्या छातीत. म्हाताऱ्यानं तिला मिठी मारली, दोन पावलं मागं गेला आणि धाडकन खाली बसला. पाय वर, पागोटं गळ्यात, फांदी छातीवर.

ढोल थांबले.

"अरे, धर म्हटलं होतं ना रे!" पानांच्या आतून आवाज आला. "कॉलेजात हेच शिकवलं का?"

"हो आबा," करमसिंग म्हणाला. दुसरं काय सांगणार?

मग बाया हसल्या. लखन झाडावर हसला आणि पडता पडता वाचला. पुजारी तेवढा हसत नव्हता. तो खाली वाकून प्रत्येक डहाळीचं टोक बघत होता. आईचा नवस आता या माणसाच्या तोंडात होता.

"भुईला लागली नाही," पुजारी म्हणाला. "पोराचा हात लागला, बापानं धरली. फिटलं. लखन, उतर खाली. फांदी उचल, आता कुणीही नेली तरी चालते."

ढोल सुरू झाले. लखन उतरायला लागला. करमसिंगला वाटलं असतं तर तो तिथूनच मागं फिरू शकत होता. नवस फिटला होता आणि त्याच्या हातानं काही धरलं नव्हतं. दोन्हीकडं सुटका.

म्हातारा तसाच बसला होता. फांदी भुईला लागू नये म्हणून ती वर उचलून धरताना त्याचे दंड थरथरत होते. उठायचं तर ती कुणाला तरी द्यायला हवी होती. त्यानं लखनकडं बघितलं नाही, करमसिंगकडं बघितलं.

"थांब लखन," करमसिंग म्हणाला.

त्यानं वाकून फांदी घेतली. दोन्ही हातांनी, छातीशी. कळंबाची पानं सदऱ्यात शिरली, आतल्या माळेला घासली. पाड्यापर्यंतची वाट त्यानं तशीच उतरली. मागं लखनच्या खांद्याला धरून, कंबर चोळत, पुनाआबा बायांच्या गाण्यात आपला आवाज मिसळत येत होता.

अंगणात फांदी रोवली. बाजूला बोकड बांधलेला. कुणीतरी करमसिंगच्या हातात पेला दिला. पुनाआबानं तो मधेच घेतला आणि स्वतः पिऊन टाकला.

"तू जा आता नाल्यावर. भाकर खा तुझी," तो म्हणाला. "पुढचं तुझ्या डोळ्यांसाठी नाही."

*

मंडळाच्या खोलीत बातमी त्याच्या आधी पोचली होती. माणसं हसतच जागा करून देत होती.

"अरे ये, लिबेरो!" झुलालनाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. "देवानंच वाचवलं तुला. धरलीच नाहीस. हाताला लागून गेली. वाऱ्यानं अंगावर पान पडलं तर दोष लागतो का? बस. टाळ घे."

बायकांच्या बाजूला ममता बसली होती. ती त्याच्याकडं बघत होती. घरी आल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं होतं, फांदी उतरवून नेल्याचंही. ती फक्त "बरं" म्हणाली होती.

नानांनी टाळ पुढं केला. करमसिंगनं तो घेतला नाही.

"नाना, ती लागून गेली ते खरं. पण मी धरायलाच गेलो होतो. आणि नंतर उचलली. दोन्ही हातांनी घेऊन घरापर्यंत आणली."

"नंतरचं कोण विचारतंय तुला?"

"कुणी नाही."

"मग कशाला सांगतोस? पुजारी काय म्हणाला, फिटलं म्हणाला ना? मग झालं ते."

"ते त्यांचं झालं. तुम्ही सांगितलं होतं, धरायची तर माळ काढून धर. मी न काढता धरली."

नाना टाळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. त्यांचा स्वतःचा नियम होता, आणि आता तो त्यांनाच नको झाला होता. "वेडा आहेस," ते शेवटी हळूच म्हणाले आणि तळहात पुढं केला.

करमसिंगनं माळ डोक्यावरून काढली, कपाळाला लावली, त्यांच्या हातावर ठेवली. मग उठून दारापाशी गेला, जिथं नवी माणसं बसतात, आणि चपलांशेजारी मांडी घालून बसला. भजन सुरू झालं. टाळ नव्हता, म्हणून तो हातानं ताल धरत होता. सुरुवातीला टाळी चुकत होती.

घरी जाताना कोपऱ्यावरच्या दिव्याखाली ममतानं त्याच्याकडं वळून बघितलं.

"नाना काय म्हणाले निघताना?"

"वर्षभर ये म्हणाले. मग बघू म्हणाले."

"मग जा वर्षभर." ती पुढं चालू लागली. "गळा उघडा ठेवू नका, थंडी सुरू झालीय. मफलर घाला. आणि आबांना फोन करा, कंबरेचं विचारा."