टेलरबाईंचा व्हिडिओ

कृत्रिम पाय बसवून देणारी ती संस्था टेलरबाईंना हक्काची वाटायची. अपघातानंतर त्यांना पुन्हा शिलाई मशीनवर बसवलं ते तिनंच. म्हणून संस्थेचा प्रचार बघणारी ताई कॅमेरा घेऊन दुकानात आली, तेव्हा बाईंनी काम बाजूला सारून भरभरून गप्पा मारल्या. गिऱ्हाइकांच्या नकला केल्या, खदखदून हसल्या. अपघाताचा विषय निघाला तेव्हा मात्र डोळे पुसावे लागले.

फेसबुकवर आला तो नेमका तेवढाच तुकडा. मागे रडवेलं संगीत, खाली ओळ: ‘हिला तुमच्याशिवाय कोणी नाही.’

लेकीनं तो दोनदा पाहिला. मग हळूच विचारलं, “आई, मी कोणी नाही का?”

त्याच दिवशी पैशापैशासाठी हुज्जत घालणारी शेजारची काकू सांगितले तेवढे पैसे मुकाट्यानं ठेवून गेली. ते बाईंना फार झोंबलं. एका जुन्या गिऱ्हाइकानं तर कपडे दुसरीकडे शिवायला टाकले. तुम्हाला त्रास नको, म्हणे.

बाई तडक संस्थेत गेल्या. अध्यक्षांनी चहा मागवला आणि समजूत घातली: या व्हिडिओमुळे देणग्यांचा ओघ लागलाय, लहान मुलांना पाय मिळतायत, तेवढ्यासाठी थोडं सोसायला काय हरकत आहे?

“सोसलं असतं,” बाई म्हणाल्या, “पण तुम्ही माझ्या लेकीलाच पुसून टाकलंत.”

व्हिडिओ काही संस्थेनं काढला नाही. मग बाईंनी लेकीच्या हातात फोन दिला आणि मशीनसमोर ताठ बसल्या.

“त्या व्हिडिओतली बाई मीच. मला लेक आहे, दुकान आहे आणि तोंडही आहे. पण पाय झिजतो, वाढत्या पोरांचा तर लवकर आखूड पडतो. त्यासाठी पैसे द्या. कीव आली म्हणून देणार असाल, तर तुमच्यापाशीच ठेवा.”

हा व्हिडिओ फेसबुकवर गेला आणि अध्यक्षांचा फोन आला. संस्थेची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत, आता पुढचा पाय इथून मिळेल असं धरून चालू नका, असं त्यांनी सुनावलं. बाईंचा पाय बदलायला झालाच होता.

“मग कुबड्या घेऊन दुकान चालवीन,” त्या म्हणाल्या, “आणि तेही दाखवीन.”

पण तोवर इतरांनाही कंठ फुटला होता. संस्थेत पाय बसवलेला एक ड्रायव्हर, एक शाळामास्तर, असे एकेक जण आपापला व्हिडिओ टाकू लागले: आमचे व्हिडिओ टाकतानाही कोणी विचारलं नव्हतं. शेवटी प्रचारवाल्या ताईनंच, अध्यक्षांना न विचारता, तो रडका तुकडा काढून टाकला.

देणग्या एकदम घटल्या. हळूहळू पुन्हा येऊ लागल्या, पण पहिल्यासारखा पूर काही आला नाही. अध्यक्ष बाईंशी आजही बोलत नाहीत. पण एवढे जण बोलल्यावर बाईंच्या नव्या पायाचा अर्ज त्यांना अडवता आला नाही.

ताई पुन्हा दुकानात आली ती नवा व्हिडिओ घेऊन, टाकण्याआधी दाखवायला. बाईंनी तो शेवटपर्यंत पाहिला, ‘बिचारी’ हा शब्द काढायला लावला आणि मग मान डोलावली.