पाच घोड्यांची मोटर

बातिकेनच्या होडीची मोटर तिच्या थोरल्या मुलाहून दोन वर्षांनी मोठी होती आणि स्वभावाने त्याच्याहून हट्टी. होडीच्या मागच्या फळीला ती अडकवायची आणि दोरीची मूठ धरून हिसका मारायचा. एका हिसक्यात ती कधीच जागी झाली नाही. दहाव्या-बाराव्याला खोकायची, जरा धूर सोडायची आणि पुन्हा गप्प व्हायची. यंदा बल्काश तलावावरचं बर्फ एप्रिलच्या शेवटी फुटलं. मोटर तपासायला म्हणून बातिकेन किनाऱ्यावर गेली. एकोणिसाव्या हिसक्याला मोटर लागली खरी, पण त्याच वेळी तिच्या उजव्या खांद्यात कटकन काहीतरी वाजलं.

तिने कुणालाच सांगितलं नाही. एकसष्टाव्या वर्षी दुखणं सांगितलं की लोक हातातलं काम काढून घेतात, हे तिने सासूच्या बाबतीत पाहिलं होतं. काढून घेणाऱ्यांत ती स्वतःच पहिली होती.

तिचा नवरा सेइलखान सात वर्षांपूर्वी घोड्यावरून पडला आणि कमरेतून कायमचा अधू झाला. तेव्हापासून तो घरी बसून जाळी विणायचा आणि तलावावर जायच्या बातिकेन आणि तिची धाकटी जाऊ नुरझिपा. धाकटा दीर रेल्वेत होता, महिन्यातले वीस दिवस बाहेरच.

मे महिन्यात सेइलखानने चितकबरी घोडी विकली आणि बायकोला बोलावून म्हणाला, "मासेमारीची बंदी उठायला आठ दिवस राहिलेत. शहरात जा आणि नवी मोटर आण. दहा घोड्यांची. त्याखालची घेऊन आलीस तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"एक घोडी देऊन दहा घोडे," नुरझिपा जावेच्या कानाशी पुटपुटली. थोरल्या दिरासमोर मोठ्याने बोलायची तिला अजून चोरी होती. "सौदा काही वाईट नाही हो."

दुकानात मोटरी ओळीने लाकडी घोडीवर टांगलेल्या होत्या. विक्रेता तरुण होता. केस चापूनचोपून बसवलेले, बोलणं त्याहून गुळगुळीत.

"आपा, तुमच्यासाठी ही बटणाची बघा. बटण दाबलं की चालू."

"आणि बॅटरी?"

"ती वेगळी. होडीत ठेवायची."

"आणि होडीपर्यंत कोण उचलणार? तू येणारेस का रोज आमच्या गावाला?" बातिकेन म्हणाली. "दोरीचीच दाखव. दहा घोड्यांची."

"ही घ्या. पण इथे चालू करता येणार नाही हं, पाण्याशिवाय जळून जाईल."

"चालू कोण करतंय? ओढून बघते नुसती."

तिने मूठ धरली आणि ओढली. दोरी वीतभर आली आणि अडली. तिने दात आवळून हिसका मारला. खांद्यातून अशी कळ गेली, की डोळ्यांपुढच्या सगळ्या मोटरी क्षणभर दुप्पट झाल्या.

"छान आहे," ती म्हणाली. "हीच बांधून दे."

"नको," नुरझिपा म्हणाली.

बातिकेनने वळून पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून या बाईने तिला कधी नको म्हटलं नव्हतं.

"जाऊबाई, महिनाभर तुम्ही डाव्या हाताने चहा ओतताय. डोक्यावरच्या रुमालाची गाठ मारताना भिंतीकडे तोंड करता. मी काय आंधळी आहे?"

"दुकानात तमाशा करू नकोस."

"मग घरी करू? घरी तर भावजी ऐकतील."

बातिकेन मागच्या दाराने अंगणात निघून गेली. राग आला होताच. पण त्याहून जास्त, पकडलं गेल्याची लाज वाटत होती.

अंगणात पाण्याने भरलेलं एक लोखंडी पिंप होतं आणि त्याच्या काठाला एक छोटी मोटर अडकवलेली होती. शेजारी एक म्हातारा कोरियन कारागीर हात पुसत उभा होता. लोक त्याला पाक म्हणत. आतलं सगळं त्याने ऐकलं असावं, कारण दारातून आवाज येतच होता.

"खांदा कुठला?" त्याने विचारलं.

"कुठलाच नाही."

"बरं. तलावावर काय करता?"

"जाळी टाकतो. दुसरं काय करणार?"

"भरलेलं जाळं हाताने ओढता, की पाठीने?"

"हाताने कोण ओढतं?" बातिकेन चिडून म्हणाली. "हात तुटतील. पाय रोवायचे आणि सगळ्या अंगाने मागे कलायचं. पोरंसोरंसुद्धा जाणतात."

"मग दोरी का हाताने ओढता?"

पाकने पिंपासमोर एक खोकं पालथं घातलं, होडीतल्या बाकाच्या उंचीचं. "बसा. तोंड मोटरकडे. आधी हळू ओढा, आत काहीतरी पकडल्यासारखं लागेपर्यंत. लागलं? आता हात सरळ. कोपर वर नाही, खांदा वर नाही. आणि जाळं ओढता तशा मागे जा."

"उजवा नाही चालायचा," ती हळूच म्हणाली. एवढी कबुली तिने नवऱ्यालाही दिली नव्हती.

"मोटरला काय कळतंय डावा आणि उजवा?"

तिने डाव्या हातात मूठ घेतली, पाय पिंपाला टेकवले आणि मागे कलली. मोटर फुरफुरली. दुसऱ्यांदा कलली तेव्हा पिंपातलं पाणी उसळून तिच्या बुटांवर आलं आणि मोटर एकसारखी चालू लागली. नुरझिपा दारात येऊन उभी होती. तिने टाळ्याच वाजवल्या.

"ही किती घोड्यांची?" बातिकेनने विचारलं.

"पाच."

"दहाची पण अशी निघेल?"

"आज निघेल. ऑक्टोबरच्या पहाटे, तेल गारठलेलं असताना, तीन-चारदा ओढून बघा आणि मग मला आठवा. शिवाय ती दोघींनी मिळून उचलावी लागेल. जाता कुठवर?"

"बोरूच्या बेटापर्यंत. तासाभराचा रस्ता."

"शर्यत लावता कुणाशी?"

"शर्यत आमच्या ह्यांना लावायची असते," बातिकेन म्हणाली. "आणि ते तर घरी असतात."

दोन्ही मोटरी तिने पुन्हा एकदा ओढून पाहिल्या. मग नुरझिपाला खोक्यावर बसवून तिच्याकडूनही ओढून घेतल्या. शेवटी पाचाची घेतली. विक्रेत्याचं तोंड जरा उतरलं, पण त्याने मोटरचं खोकं गाडीपर्यंत आणून दिलं.

घरी सेइलखानने खोक्यावरचा आकडा वाचला. "पाच? उरलेले पाच घोडे कुठे सोडलेत? वाटेत चरायला?"

बातिकेनने सांगण्याआधीच नुरझिपा बोलली, आणि चांगली मोठ्याने बोलली. "भावजी, जाऊबाईंचा खांदा गेलाय. दहाची आणली असती तर ती ओढायला तुम्हाला होडीत यावं लागलं असतं."

सेइलखानने जाळ्याची सुई खाली ठेवली. बायकोच्या खांद्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मेंढीची चरबी गरम करून आण. चोळून देतो. माझे हात तर धड आहेत."

बंदी उठली त्या सकाळी दोघी निघाल्या. मोटर दुसऱ्या ओढीला लागली. किनाऱ्यावरच्या चार जणांनी माना वळवल्या. पण शे-दीडशे हात गेल्यावर ती एकदम मेली. बातिकेनने तीनदा ओढलं, काही नाही. किनाऱ्यावरून कुणीतरी ओरडलं, "घोडे थकले काय ग आपा?"

"टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू!" नुरझिपाला आठवलं. पाकने दोनदा बजावलं होतं. दोन वेढे सैल केले आणि पुढच्या ओढीला मोटर पुन्हा चालू लागली.

बोरूच्या बेटापाशी जाळ्यात अकरा सुदक मासे लागले आणि एक कार्प, जो नुरझिपाच्या मांडीवर नाचून परत पाण्यात जाता जाता राहिला. परतताना बातिकेन म्हणाली, "आता तू चालव."

"मी?"

"शिकून ठेव. माझा डावा हात काही शंभर वर्षं पुरणार नाही."

नुरझिपा मागे बसली. हळू ओढलं, पकडलं, मागे कलली. बातिकेन पुढच्या बाकावर पाय पसरून बसली. तिने बाउर्साकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पिशवी सोडली आणि थर्मासमधला दुधाचा चहा ओतला. शेजारचा एक गडी आपल्या मोठ्या मोटरीवर पाणी उडवत पुढे निघून गेला. हात हलवून त्याने काहीतरी टोमणा मारला असावा. त्याच्याच मोटरीच्या आवाजात तो टोमणा बुडाला.

आणि मग नुरझिपा बोलू लागली. आधी मोटरीबद्दल, मग नवऱ्याबद्दल, मग कुठलं कुठलं. बातिकेन ऐकत राहिली. जुन्या मोटरीच्या धडधडाटात एकमेकींचं बोलणं ऐकूच यायचं नाही; दोघींनी सात वर्षं हातवाऱ्यांवरच काम भागवलं होतं.

"पहिल्या वर्षी मला पाण्याची इतकी भीती वाटायची," नुरझिपा म्हणाली, "की मी रोज होडीत बसून रडायचे."

"मग सांगितलं का नाहीस, बये?"

"सांगितलं की. ओरडून सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत आणि माझ्या हातात जाळं दिलंत."

बातिकेन इतकी हसली, की चहा सांडला. मग दुसरा पेला भरून तिने जावेला दिला आणि म्हणाली, "बरं, आता सांग. सगळं सांग. घर यायला अजून पाऊण तास आहे."