पारोकियाची खोली

भिंतीला भिंत लागून आमचं घर, आणि पलीकडे बाबांनी दिलेली सभेची खोली. लग्नाला, बारशाला, मयताला सगळं गाव ती आपलीच म्हणून वापरायचं. छप्पर गळायला लागलं आणि एकाएकी ती कुणाचीच राहिली नाही. फादर इलारियो पंचायतीकडे बोट दाखवायचे, सरपंच नेप्ताली चर्चकडे.

देताना बाबा एवढंच म्हणाले होते, ही पारोकियाला. आता आमच्या डोंगरात पारोकिया म्हणजे चर्चची मंडळीही आणि पंचायतीचं गावही. कुठली, हे तेव्हा विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे बाबांना झटका आला, वाचा गेली. दोघंही खाटेपाशी येऊन विचारून गेले. बाबांना मोजून दोनचार शब्द जमायचे. "पारोकिया," ते म्हणाले, आणि बरोबर उत्तर दिल्यासारखे हसले.

शेवटी नेप्तालीनेच खटपट करून सरकारकडून छपराचे पत्रे मंजूर करून आणले. फक्त खोली पंचायतीची असायला हवी होती, आणि तसं घरच्या कुणीतरी सभेत सांगायचं होतं. घरची म्हणजे मीच.

बाबांच्या मनात काय होतं, देवाशप्पथ मला ठाऊक नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे होता तो पंचायतीचा शनिवारचा नाच, भिंतीपलीकडे भोंगे आणि माझ्या झोपेचं खोबरं. चर्चची झाली तर जपमाळ, शांतता. मी उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं की बाबा मला स्वतः बोलले होते, खोली चर्चची. फादरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्रे दुसऱ्या वाडीला गेले. फादरकडे प्रार्थनेपलीकडे काही नव्हतं.

आणि मग बाबा गेले.

मयत खोलीतच ठेवायचं, तशी रीतच आहे. दुपारी आभाळ फाटलं. शवपेटीच्या झाकणावर पाणी टपटपायला लागलं. माणसांनी पेटी खिडकीशी नेली, तिथेही गळत होतं. दाराशी नेली, तिथेही तेच. बायकांनी लोकांसाठी उकडलेल्या मक्याची पातेली रिकामी करून गळतीखाली लावली. ज्याने खोली दिली त्याला तिच्यात कोरडा कोपरा मिळेना, आणि ते माझ्यामुळे. लोक मला धीर देत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

बाहेर आले तर नेप्ताली प्लास्टिकचा कागद खांद्यावर टाकून शिडी लावत होता.

"शिडी धर, एर्मेलिंदा."

"छप्पर चर्चचं आहे," मी म्हटलं. कशाला म्हटलं कुणास ठाऊक.

"असू दे. खाली काका आमचेच आहेत."

तो वर चढला. मला राहवलं नाही. "नेप्ताली, बाबा मला तसं काही बोलले नव्हते."

"माहीत आहे," तो दोरी आवळत म्हणाला. "फादरनाही माहीत आहे."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"आबेलार्दोकाकांच्या मुलीला भर सभेत खोटं कोण पाडणार?"

आत टपटप थांबली. पेटी पुन्हा मधोमध आणा, असं कुणीतरी म्हणालं. नेप्ताली उतरून, हात पुसून आत गेला, तरी मी शिडी धरूनच उभी होते.